आल्प्स, व्हाया पाण्याची टाकी

सदर इसम वय वर्षे त्रेपन्न, बांधा मध्यम, पोट किंचित स्टिअरिंगकडे झुकलेले. व्यवसाय: शहर बससेवेत चालक. ओळखीची खूण: खिडकीकडचा हात दुसऱ्या हातापेक्षा ठळकपणे काळा. स्वभाव शांत. व्यसन नाही, चहाची गणना व्यसनांत करावी किंवा कसे, याबाबत वरिष्ठांचे मार्गदर्शन उपलब्ध नाही. संपूर्ण सेवाकाळात अपघात निरंक. तक्रार एक: ‘चालक वळणावर फारच हळू जातो’ असे एका प्रवाशाने लेखी कळवले होते, सदर पत्र व्यवस्थापनाने प्रशंसापत्रांच्या फाइलीत लावले. सदर इसमास शहरातील सर्व रस्ते पाठ आहेत. त्या रस्त्यांच्या कडेला काय आहे, हे त्याने अजून पाहिलेले नाही.

डेपोत त्याला ‘सावकाश’ म्हणतात. उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना तो हा शब्द म्हणतो, वळणावर स्वतःला म्हणतो, आणि कॅन्टीनमध्ये कोणी काठोकाठ भरलेला कप घेऊन चाललं की त्याच्या तोंडून तो आपोआप निघतो.

सावकाशच्या डोक्यात आल्प्स शिरला तो एका बसच्या पाठीमागून. त्या हिवाळ्यात त्याच्या पुढे धावणाऱ्या बसच्या पाठीवर एका सहल कंपनीची जाहिरात चिकटवली होती. बर्फाची शिखरं, खाली हिरवा उतार, उतारावर दोऱ्याचं रीळ सांडल्यासारखा रस्ता आणि रस्त्यावर एक पिवळी बस. सिग्नल लागला की सावकाशच्या नाकासमोर आल्प्स. शहरातल्या दुसऱ्या कोणत्याही देखाव्याने त्याच्या नाकासमोर येण्याची तसदी घेतली नव्हती. दुसऱ्या कोणी आधी शिखरं पाहिली असती. सावकाशने आधी वळणं पाहिली, मग पिवळ्या बसचे टायर, आणि असं करत करत, हिवाळा संपता संपता, त्याला खिडकीतला माणूस दिसला. काचेला कपाळ टेकून बसलेला. चेहरा धड दिसत नव्हता. पण गाडी कोण चालवतंय याची त्याला काडीची फिकीर नव्हती, हे मागच्या बसमधूनही कळत होतं.

सावकाशला तो माणूस व्हायचं होतं.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. दुसऱ्याच्या बसमध्ये बसायची वेळ आली तरी सावकाश बसत नसे. चालकाच्या पाठीशी उभा राहायचा, आणि पुढे कोणी आडवं आलं की त्याचा पाय नसलेल्या ब्रेकवर पडायचा.

घरी त्याने एवढंच विचारलं, “या उन्हाळ्यात आल्प्सला जाऊ या का?”

“कशाला?” त्याची आई म्हणाली. “तिथे कोण आहे आपलं?”

“आजी, डोंगर आहेत,” मुलगी म्हणाली. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि घरातल्या सगळ्यांशी पेशंटशी बोलावं तशी बोलायची.

“असतील बापडे. चहा मिळतो का?”

मिळतो, असं कळल्यावर ठराव एकमताने मंजूर झाला. दुरुस्ती फक्त वाहनाबाबत आली. आईचे गुडघे रेल्वेच्या पायऱ्यांना तयार नव्हते, तेव्हा तिथे पोचल्यावर गाडी भाड्याने घ्यायची ठरली.

“आणि चालवायला वेगळा माणूस कशाला?” बायको म्हणाली. “घरात ड्रायव्हर असताना?”

हे ती कौतुकाने म्हणाली होती. सावकाश “हो” म्हणाला. ‘नाही’ नावाचा थांबा त्याच्या मार्गावर कधीच नव्हता.

पुढचे काही आठवडे तो शेवटच्या थांब्यावर, फेऱ्यांच्या मधल्या वेळात, स्टिअरिंगवर नकाशा पसरून बसला. चढ कुठे, घाट कुठे, गाडी वळवायला जागा कुठे, सगळं पेन्सिलीने टिपलं. एका रविवारी सकाळी नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला. एका कोपऱ्यावर साखरेचा डबा, दुसऱ्यावर आईचा चष्मा.

“इथून सुटायचं,” तो म्हणाला. “ही पहिली खिंड. मग तळं. तळ्याच्या कडेकडेने रस्ता आहे. इथे पाच मिनिटं थांबा.”

“पाच मिनिटांत करायचं काय?” मुलीने विचारलं.

“उतरणारे उतरतील, चढणारे चढतील.”

“बाबा, चढणारे आपणच आहोत.”

सावकाशने पेन्सिल पुढे सरकवली. “मग दुसरी खिंड. इथून हिमनदी दिसते. मग हा घाट उतरून परत इथे.”

“परत? आणि राहायचं कुठे?”

“शेवटच्या थांब्यावर.”

“तिथे काय आहे?”

“गाडी वळवायला जागा आहे.”

मुलीने नकाशा स्वतःकडे फिरवला आणि रेघेवरून बोट नेलं. हळूहळू प्रकार उघडकीला आला. आठवडाभर चार माणसं आल्प्सला प्रदक्षिणा घालणार होती आणि त्यातलं एकही कुठे झोपणार नव्हतं, जेवणार नव्हतं, की पाय मोकळे करणार नव्हतं. बस रात्री डेपोत जाते. प्रवाशांचं पुढे काय होतं, हा प्रश्न चालकाच्या कक्षेत येत नाही.

“अरे, आणि मी बाथरूमला कधी जायचं?” आईने विचारलं.

“उतरायचं कशाला पण?” सावकाश पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात म्हणाला. “सगळं खिडकीतून दिसतं. काचेला कपाळ टेकायचं, आणि बाहेर...”

तो थांबला. बायको चहा ढवळायची थांबली.

“कोणाचं कपाळ?”

“माणसाचं.”

“अहो, घाटात गाडी चालवताना तुम्ही काचेला कपाळ टेकणार?”

“मी चालवीन असं मी कुठे म्हणालो?”

ते खरंच होतं. तो नुसता ‘हो’ म्हणाला होता. चालवायचंय का, असं त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आईने चष्मा डोळ्यांवर चढवून मुलाकडे नीट पाहिलं. नकाशाचा तो कोपरा हळूच गुंडाळला गेला.

“मग कोण, मी चालवू?” ती म्हणाली.

“माझ्याकडे लायसन्स आहे,” बायको म्हणाली.

हे सगळ्यांना माहीत होतं. कपाटावर एक मोठी सूटकेस आहे, हे माहीत असतं तसं. लग्नाआधी काढलेल्या लायसन्सचं तिने न चुकता नूतनीकरण केलं होतं, आणि दर वेळच्या फोटोत ती थोडी अधिक वैतागलेली दिसत होती. लग्नानंतर गाडीला हात मात्र लावला नव्हता. घरात ड्रायव्हर होता.

डेपोच्या मेस्त्रीने आपली जुनी गाडी सरावाला दिली. “क्लच तेवढा जाळू नका, वहिनी,” एवढीच त्याची अट. सरावासाठी शहराबाहेरची टेकडी ठरली. तिच्या माथ्यावर पाण्याची टाकी आहे, आणि टाकीपर्यंत जाणारा रस्ता इतका वळतो की बससेवेने तिथे फक्त जुने चालक नेमले आहेत.

“तुम्ही मागे,” बायको म्हणाली. “खिडकीशी.”

आई पुढे बसली, मुलगी मागे बापाशेजारी. थोडा वेळ सगळं ठीक चाललं. मग एका चढावरच्या वळणात गाडीने आचका दिला आणि बंद पडली. मागून बसचा हॉर्न वाजला. गाडी वीतभर मागे सरली.

पुढचं सावकाशच्या हाताबाहेर घडलं, असं म्हणायला हवं. त्याच्याच हातांनी घडलं, ही तांत्रिक बाब. मागचं दार उघडलं, पुढचं दार उघडलं, “सरक,” असा शब्द ऐकू आला. बायको सरकली नाही. ती उतरली आणि मागे जाऊन बसली. त्याने गाडी टाकीपर्यंत अशी नेली की आईला डुलकी लागली.

वर पोचल्यावर बायकोने नुसता हात पुढे केला. त्याने किल्ली दिली. तिने ती परत त्याच्याच तळहातावर ठेवली.

“छान चालवता. आल्प्समध्येही तुम्हीच चालवा.”

ती ‘अहो’ म्हणाली नव्हती. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

सावकाशला चूक कुठे झाली ते माहीत होतं. त्याने दार उघडलं तेव्हा तिचा हात हॅन्डब्रेकवर पोचलेला होता. हे त्याला दिसलं होतं, कारण तो बाहेर बघतच नव्हता. टेकडीभर त्याने तिचा पाय, तिचा गिअर आणि तिचा आरसा पाहिला होता. तिला एक चढ शिकायचा होता. त्याला बसायला शिकायचं होतं.

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी तो आपल्याच मार्गावरच्या बसमध्ये चढला. मुद्दाम अशा बसमध्ये, जी डेपोतली ‘झटका’ चालवत होती. ही बाई ब्रेक लावते तेव्हा प्रवाशांच्या ओळखी होतात, अशी तिची ख्याती.

“ये, इथे उभा राहा, गप्पा मारू,” झटका म्हणाली.

“नको. मागे बसतो.”

“आजारी आहेस का रे?”

“नाही. प्रॅक्टिस.”

तो खिडकीशी बसला. पहिल्याच सिग्नलला त्याचा पाय आपटला. शेजारच्या बाई म्हणाल्या, “अहो, पाय लागतोय तुमचा.” त्याने माफी मागून पाय सीटखाली घेतले आणि मान निग्रहाने बाहेर वळवली. न्हाव्याच्या दुकानात माशांची मोठी पेटी होती आणि दाढी करून घेणारा माणूस माशांशी बोलत होता. ज्या थांब्यावर तो इतकी वर्षं थांबत आला, त्याच्या मागे घड्याळांचं दुकान निघालं. तिथली कोणतीही दोन घड्याळं एकमेकांशी सहमत नव्हती. मग शाळेची लांब भिंत आली आणि भिंतीवर मुलांनी रंगवलेला एक निळा देवमासा सुरू झाला. तो संपेचना. त्याची शेपटी कोपऱ्यावरून वळून गल्लीत गेली होती, आणि ती कुठवर गेलीय हे बघायला सावकाशने काचेला कपाळ लावलं. झटकाने त्याच वेळी सणसणीत ब्रेक मारला. त्याच्या कपाळाला टेंगूळ आलं. पाय जागचा हलला नव्हता.

तिथून तो थेट चष्म्याच्या दुकानात गेला. बायको तिथे काउंटरमागे काम करते. ती एका फ्रेमच्या नाकाडीचा स्क्रू आवळत होती; स्क्रू इतका बारीक की तो आवळताना ती श्वास रोखून धरते.

“शाळेच्या भिंतीवर देवमासा आहे,” सावकाश म्हणाला.

तिने श्वास सोडला. “हे सगळ्या शहराला माहीत आहे.”

“त्याची शेपटी गल्लीत वळते.”

तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “तुम्ही बघितलीत? चालवताना?”

“छे. झटका चालवत होती.”

“आणि हे टेंगूळ?”

“झटका चालवत होती.”

ती हसायला लागली. चष्म्याचा नंबर तपासायला बसलेल्या गिऱ्हाइकाने आपलं अक्षर चुकलं असं समजून पुन्हा वाचलं.

“परवा मी दार उघडलं, ते चुकलं,” तो म्हणाला.

“कोणतं?”

“दोन्ही.”

“अहो,” ती म्हणाली, “रविवारी मेस्त्रीकडे गाडी मागा.”

रविवारी गाडी त्याच वळणावर, जवळजवळ त्याच जागी बंद पडली. मागे पुन्हा बस. तिच्यातून सावकाशच्या एका सोबत्याने डोकं बाहेर काढलं. “काय सावकाश, ढकलू का?” मुलीने बापाचा हात धरला, नाडी बघत होती की अडवत होती, ते सांगता येणार नाही. समोरच्या आरशात बायकोचे डोळे आले.

“अरे, बघतोस काय!” आई ओरडली.

“शहर,” सावकाश म्हणाला.

तो खरंच ते बघत होता. उतारावर गवत होतं, गवताखाली छपरं, छपरांमधून एक बस मुंगीच्या गतीने चालली होती. ती वळणावर हळू झाली, थांबली, चार ठिपके उतरले आणि चार दिशांना गेले. इतकी वर्षं उतरणारे कुठे जातात ते त्याने पाहिलं नव्हतं. एक ठिपका एका दारापाशी पोचला आणि दार आतून उघडलं गेलं. त्या ठिपक्याची कोणी वाट बघत होतं.

“आई, तो बघ, घरी पोचला.”

“कोण?”

“माहीत नाही.”

तोवर गाडी सुरू झालेली होती, वळण मागे पडलेलं होतं आणि बायको दुसऱ्या गिअरमधून वर जात होती. टाकीपर्यंत सावकाश बोलत राहिला. झाड दिसलं की झाड, म्हैस दिसली की म्हैस. शेवटी आई म्हणाली, “बाबा रे, गप बस आता. म्हशी मीही पाहिल्यात.”

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवा बेत झाला. मुलीने तो केला असल्यामुळे त्यात झोप, जेवण, औषधं आणि आजीचं बाथरूम यांना जागा होती. तळ्यापाशी पाच मिनिटांऐवजी दोन दिवस होते. सावकाशने फक्त एक सूचना केली: एका गावात सकाळी बस येते तेव्हा थांब्यावर जाऊन नुसतं उभं राहायचं. ती मान्य झाली.

मग मुलीने लॅपटॉपवर गाडी ठरवायला घेतली. चालक म्हणून स्वतःच्या आईचं नाव लिहिलं. पुढे यंत्राने विचारलं: दुसरा चालक?

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बायकोने पाहिलं नाही. ती पदराने चष्मा पुसत होती आणि तो कधीच स्वच्छ झाला होता.

“बाबा, असू दे का तुमचं नाव? अडीअडचणीला?”

“नको.”

“नक्की?”

“नाही म्हणून लिही,” सावकाश म्हणाला.

दुसऱ्या चालकाचे पैसे जास्त पडतात, असं त्याने नंतर मेस्त्रीला सांगितलं. त्या कंपनीत पडत नव्हते.