फ्रिजमधल्या बाटल्या

समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव गोळा करणं हे माझं काम, आणि माझं गाव धामणगाव बढे. आमच्याकडे समुद्र कुणाच्या स्वप्नातही येत नाही. हसू नका, माझं पोट त्यावरच चालतं.

त्या खेपेला कोकणात बोटीवरून जाळी ओढून काढलेले नमुने घेऊन मी नागपूरच्या प्रयोगशाळेकडे निघाले होते. वाटेत घरी उतरले, कारण बाबांचं लिव्हर संपत आलं होतं. दारू सुटून कितीतरी वर्षं झाली होती, पण आधीच्या पिण्याने व्हायचं ते होऊन गेलं होतं.

डीएनए तपासायचा तर हे जीव फॉर्मॅलिनमध्ये चालत नाहीत, स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये ठेवावे लागतात. त्यांच्या अंगातलं पाणी सुटून स्पिरिट पातळ होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदलायचं. माय शेतात गेली होती. मी स्वयंपाकघरात बसून स्पिरिट बदललं, बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या, बाबांना म्हटलं, "कोणाले हात लावू देऊ नका," आणि त्यांच्या गोळ्या आणायला मोताळ्याला गेले.

परत आले तर बाटल्या धुऊन ओट्यावर पालथ्या घातलेल्या. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. माय नुसती फणफणत होती. "मरायले टेकले तरी दारू सुटत नाई यायची! अन् इचारलं तं म्हणे, पोरीचं हाये. आता पोरीच्या नावावर घालून राह्यले!"

माझं डोकंच फिरलं. "माय, ते खरंच माह्यं होतं वं!"

आधी ती मानेना. मग पटलं तिला. तिला तरी काय बोलू? पूर्वी बाबांची प्रत्येक बाटली दुसऱ्याचीच असायची, कधी शेजाऱ्याची, कधी बैलाच्या औषधाची. त्या काळात ते घरी आले की माय दारातच म्हणायची, "हा करा." ते तोंड उघडून श्वास सोडायचे, ती वास घ्यायची. त्यांनी विहारात सगळ्यांसमोर दारू सोडली, त्यानंतर तिने कधी वास घेतला नाही. बाबांनी आयुष्यात तेवढा एकच मान कमावला होता.

नमुने गेले याचं वाईट वाटलंच. तसेच जीव पुन्हा मिळत नसतात. पण रडले ते बाबांसाठी.

संध्याकाळी माय त्यांना भरवायला बसली. "चुकलंच माह्यं," ती म्हणाली.

"जाऊ दे. सवय म्याच लावली तुले."

पण त्या दिवसापासून ती जवळ आली की ते आपणहून तोंड उघडून "हा" करायचे. माय कळवळून म्हणायची, "नका हो करू तसं!" ते ऐकायचे नाहीत.

शेवटी शेवटी त्यांना माणसंही ओळखू येईनात. माय चमच्याने पाणी पाजायला वाकली. त्यांनी पाणी घेतलं नाही. तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघत हळूच श्वास सोडला.

मायने चमचा बाजूला ठेवला. मग त्यांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "नाई प्याले हो तुमी. नाई प्याले."