मुकी शाळा

पार्बताबाईला अक्षर येत नव्हतं, पण शाळा ऐकू येत असे. मोर्णा नदीकाठच्या मळ्यातून भाजीची पाटी घेऊन ती आकोल्याच्या बाजाराला निघे, तेव्हा वाटेत सरकारी शाळेच्या भिंतीशी क्षणभर थांबे. आत पोरं पाढे ओरडत. त्या कल्लोळातला एक आवाज आपल्या पोराचा, चंद्रभानचा, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तो आवाज कानात घेऊन ती पुढे जाई आणि दिवसभर वांगी विके.

वाचणं म्हणजे आवाज, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं दुसरं काही पाहिलंच नव्हतं. देवळात पोथी वाचली जाई ती मोठ्यानं. पाटलाच्या ओसरीवर हुकूम वाचला जाई तोही मोठ्यानं. जुन्या पंतोजीचा लौकिकसुद्धा पोरांच्या घशावरून ठरत असे. ज्याची पोरं नदीपलीकडे ऐकू येतात, तो पंतोजी चांगला.

नवरा लवकर गेला. मळा तिनं एकटीनं सांभाळला. अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडात कापूस सोन्यासारखा विकू लागला, तेव्हा शेजाऱ्यांनी वांग्यांचे वाफे मोडून सरकी पेरली. हिनं मोडले नाहीत. हट्टानं नव्हे; हातांना दुसरं काही येत नव्हतं म्हणून. मग गावभर पैसा झाला आणि भाजी मात्र मिळेनाशी झाली. पार्बताबाईची पाटी दुपारच्या आत रिकामी होऊ लागली. तिच्या भरभराटीत तिचा स्वतःचा काही हात होता की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.

तिचा दीर नत्थुजी मात्र कापसावर वर आला. बैल घेतले, गाड्या घेतल्या, आणि मतंही घेतली.

"वैनी, पोराले अमरावतीले घाल," तो म्हणाला. "तिथल्या शाळेचं नाव आहे. तिथून सुटला का थेट कचेरीत. आकोल्याची शाळा म्हटलं त पोरीचा बाप बी इचारते, कोनती शाळा?"

"तुमी पाह्यली का भाऊजी?"

"पाहाले कायले लागते? नाव आहे ना!"

चंद्रभान काकाचं बोलणं कान देऊन ऐकत होता. मिसरूड फुटलेला, हडकुळा, एकुलता एक. त्याला जायचं आहे, असं तिला वाटलं. नाही म्हटलं तर आपण त्याला आपल्या एकटेपणासाठी बांधून ठेवलं, असं होईल. हो म्हटलं आणि ते नाव पोकळ निघालं, तर पोरगंही गेलं आणि त्याची विद्याही. ती कित्येक दिवस हे मनात घोळवत राहिली. शेवटी म्हणाली, "मी येते. ऐकून पाहते."

मार्गशीर्षात नत्थुजीच्या कापसाच्या गाडीवर बसून तिघं अमरावतीला पोचले. अडतीवर कापूस उतरला. अडत्यानं मूठभर रुई ओढून पाहिली आणि हसून म्हणाला, "आकोल्याचा असो का अचलपूरचा, ममईले गेला का सारा उमरावतीच." मुंबईच्या बाजारात वऱ्हाडचा सगळा कापूस अमरावतीच्याच नावानं विकला जाई. नत्थुजीला ते बोलणं फार आवडलं. त्यानं ते दोनदा म्हणून दाखवलं.

मग ते शाळेकडे गेले. चंद्रभान मास्तरांना भेटायला आत गेला. पार्बताबाई समोरच्या निंबाखाली बसली.

इमारत मोठी होती. भिंती पांढऱ्या होत्या. घंटा झाली, पोरं आत गेली, आणि मग काहीच ऐकू आलं नाही. तिनं डोक्यावरचा पदर कानामागे सारला. काही नाही. निंबावर एक होला घुमत होता. घरात मढं असावं आणि रडणारी माणसं अजून पोचली नसावीत, तशी ती शांतता होती.

तिला आत कुठंतरी हलकं वाटलं. शाळा पोकळ आहे. पोरगं आपल्याजवळ राहील. आणि त्या हलकेपणाची तिला लगेच लाज वाटली.

चंद्रभान बाहेर आला तेव्हा ती उठून उभी राहिली. "चाल घरी. आत कोनीच शिकवत नाई."

"माय, वर्ग भरून आहेत."

"मंग कोनी बोलत काहून नाई?"

"वाचून राह्यले."

"वाचून राह्यले त ऐकू काहून येत नाई?"

"मनात वाचून राह्यले."

नत्थुजी मोठ्यानं हसला. "मनात त मी बी तहसीलदार आहो!"

पार्बताबाई हसली नाही. तिनं पोराला खाली बसवलं. "तुले येते मनात? वाच. तोंड मिटून." त्यानं बगलेतलं पुस्तक उघडलं. तिनं दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवली. गळा हलत नव्हता. फक्त डोळे एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जात, परत येत. मळ्यात पाणी एका सरीतून दुसरीत वळावं तसे.

"आता सांग, काय होतं?"

"समुद्राचं होतं. नद्या संग मीठ घेऊन जातात. पानी उनानं उडून जाते, मीठ मांगंच राह्यते. म्हनून समुद्र खारा."

तिनं बोटं त्याच्या गळ्यावरून काढली. "हे मनातलं वाचनं तुले आज शिकवलं?"

"नाई माय. आकोल्याच्याच मास्तरनं शिकवलं. वरच्या वर्गात आमी असंच वाचतो."

"अन् मंग मी ऐकते ते?"

"ते खालचे. लहान पोट्टे."

म्हणजे इतकी वर्षं ती दुसऱ्याच कुणाचं पोर ऐकत होती. तिला एकदम हसू आलं, आणि हसताना डोळे पुसावे लागले.

"म्हंजे इथं बी तेच अन् तिथं बी तेच?"

"इंग्रजीची एक यत्ता इथं जास्त आहे," चंद्रभान खरं तेच बोलला. "बाकी पुस्तकं तीच. इथले मास्तर म्हनाले, आकोल्याची शाळा संपली का ये. जागा देतो."

"तुले काय पाह्यजे?"

तो खाली पाहत म्हणाला, "मले वाटलं, तुले या नावाची हौस आहे."

"मले?" ती म्हणाली. "ती हौस या तुह्या काकाले आहे."

नत्थुजी चिडला. "आकोल्याचं नाव कोन घेईन?"

"भाऊजी, ममईले गेला का उमरावतीच ना?"

"कापूस मुका असते, वैनी. पोराले लोक इचारतात, कुठचा?"

"मंग तो सांगीन. तोंड आहे त्याले."

चंद्रभान पुन्हा आत गेला आणि आकोल्याची शाळा संपवून पुढच्या यत्तेला येतो, असं सांगून आला. दोन वर्षांनी तो खरंच आला, आणि तेव्हा ती निंबाखाली बसायला आली नाही. मळ्यातच राहिली, आणि त्या रात्री एकटी असूनही नीट जेवली. पण हे पुढचं.

त्या दिवशी रिकामी गाडी उन्हात आकोल्याकडे निघाली. पार्बताबाई गाडीच्या साट्यावर आडवी झाली. कित्येक दिवसांत तिची पाठ अशी सैल पडली नव्हती. चंद्रभान पाय सोडून वाचत बसला होता. नत्थुजी रुसून बैल हाकत होता. बडनेऱ्याच्या पुढे त्यानं मान वळवली.

"आपला कापूस ज्यावरून जाते, तो हाच का रे समुद्र? खारा?"

"हाच, काका."

"अन् पुढं काय लिहिलं?"

चंद्रभान पुन्हा पुस्तकात गेला. ओठ मिटलेले. डोळे सरकत होते.

"मोठ्यानं वाच ना लेका," पार्बताबाई डोळे न उघडता म्हणाली. "आमी बी आहो गाडीत."