बाटलीआधीचा सातवा प्रश्न आणि आमचे सोनांबेकर सर

डॉ. श्रीधर सोनांबेकर सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती गंगापूर रोडवरच्या त्यांच्या रुग्णालयात, मुलाखतीच्या टेबलाशी. मी सटाण्याकडची, नुकतीच एम.डी. झालेली. संधिवाताचे शास्त्र शिकायचे तर सरांच्या हाताखालीच, असे मला सगळ्यांनी सांगितले होते. सरांनी अर्धा तास विचारले आणि मी अर्धा तास धाडधाड उत्तरे दिली. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उत्तरं चांगली पाठ आहेत तुमची. आता मला एक प्रश्न विचारा."

प्रश्न दोन-तीन मनात होते, पण एवढ्या मोठ्या माणसाला उलट विचारायचे कसे? माझी जीभ टाळ्याला चिकटली. सर हसले आणि म्हणाले, "या उद्यापासून. तेवढं एक शिकावं लागेल तुम्हाला." ते मी शिकले, पण फार उशिरा, आणि त्याचे भोग दुसऱ्याच एका बाईच्या वाट्याला आले.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरवग्रंथ निघणार हे कळताच त्यांनी संपादकांना अट घातली, की लिहिणाऱ्या प्रत्येकाने माझी एक तरी चूक लिहावी. नुसती फुले वाहायची असतील तर माझा फोटो भिंतीवर लागेपर्यंत दम धरा. संपादकांनी ते थट्टेवारी नेले. मला ते जमले नाही, कारण सरांची म्हणून जी चूक आमच्या वर्तुळात सर्वांना तोंडपाठ आहे, ती मुळात सरांची नाही. हा लेख मी तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला.

आधी सरांच्या कामाविषयी सांगते. शरीर आपल्याच सांध्यांवर, रक्तवाहिन्यांवर, मूत्रपिंडांवर उठते अशा आजारांत, शरीराची राखण करणाऱ्या पेशींपैकी मुख्य दोष टी पेशींचा, बी पेशी म्हणजे नुसता अँटिबॉडींचा कारखाना, असे आम्ही कॉलेजातून घोकून आलो होतो. सरांना ते मान्य नव्हते. ते म्हणत, बी पेशी घालवणारे औषध दिले तरी कित्येक रुग्णांच्या रक्तात अँटिबॉडी बऱ्याच अंशी तशाच राहतात, कारण त्या बनवणाऱ्या मुरलेल्या पेशींना हे औषध शिवतही नाही. तरीही सूज ओसरते. ती का ओसरते? "कारण बी पेशी चहाड्याही करतात," हे सरांचे उत्तर. शरीराचाच एखादा तुकडा उचलून त्या टी पेशींना दाखवतात, हा बघा परका. आणि आग भडकवणारे निरोप चहूकडे धाडतात. जिल्ह्यात हे औषध कुणी फारसे वापरत नव्हते, तेव्हा सरांनी ते जपून, अभ्यास करून वापरले. आज त्यांचे कितीतरी रुग्ण त्यामुळे चालतेफिरते आहेत.

रुग्णांना मात्र ते हेच वेगळ्या शब्दांत सांगत. "या पेशी म्हणजे घरातली जुनी माणसं. एकदा येऊन गेलेला चोर विसरत नाहीत. पण कधी कधी घरच्याच माणसाला चोर म्हणून धरतात." आणि सर रुग्णांना कामाचे हत्यार घेऊन यायला सांगत. पेठकडच्या शेतकऱ्याने विळा आणावा, पंचवटीतल्या गुरुजींनी पळी. "नुसता हात नको, हाताचं काम दाखवा."

त्यांची आणखी एक शिस्त होती. बी पेशींवरचे औषध सलाईनमधून देतात. ती बाटली लावण्यापूर्वी रुग्णाच्या खाटेशी उभे राहून खोलीतल्या सर्वांत धाकट्या डॉक्टरने सहा प्रश्न मोठ्याने वाचायचे. उत्तरे सर स्वतः देत, आणि धाकट्याने ती कागदाशी ताडून फाईलमध्ये खूण करायची. कुठे जंतुसंसर्ग आहे का, क्षयाची तपासणी झाली का, लसी झाल्या का, असे ते प्रश्न. चौथा प्रश्न काविळीच्या विषाणूचा, म्हणजे हिपॅटायटिस बीचा. हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे गुमान पडून राहतो. राखण करणाऱ्या पेशी काढून घेतल्या की उठतो, आणि उठला की माणूस दगावू शकतो.

त्या वर्षी सर्वांत धाकटी मी होते.

कुसुमबाई येवल्याच्या. नाव बदलले आहे. पैठणी विणण्यात त्यांची हयात गेली. त्या प्रथम आल्या तेव्हा सरांच्या सांगण्यावरून मागावर आडवा धागा नेणारा धोटा घेऊन आल्या होत्या. तो त्यांच्या हातातून तीनदा पडला. मनगट वरच उचलत नव्हते. बारीक रक्तवाहिन्यांना सूज येणारा आजार होता आणि त्याने हाताची नस धरली होती. सरांनी जुन्या माणसांची गोष्ट सांगितली तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "म्हंजी आमच्या सासूबाई." सर खळखळून हसले. "तसंच. त्यांना काही महिने गावाला पाठवायचं. सासुरवास थांबेल, पण दाराला राखणही राहणार नाही, हे ध्यानात ठेवा."

दोनच दिवसांत आजार फुप्फुसात उतरला. खोकल्यातून रक्त येऊ लागले, श्वास पुरेना. बाटली त्याच सकाळी लावायला हवी होती. खोलीत धावपळ, दाराशी त्यांचे यजमान दत्तूभाऊ टोपी मुठीत आवळून उभे. मी फाईल उघडून वाचू लागले.

"चौथा प्रश्न. काविळीच्या विषाणूची तपासणी?"

"निगेटिव्ह. पुढे," सर म्हणाले.

त्यासाठी तपासण्या दोन असतात. विषाणू आज अंगात दिसतो का, ही एक. आणि पूर्वी कधी येऊन दडून बसला आहे का, ही दुसरी. पहिलीचा कागद आला होता. दुसरीचे रक्त बाहेरच्या प्रयोगशाळेत गेले होते आणि उत्तर यायचे होते. सरांनी घाईत एकालाच दोन्ही मानले. माझ्या हातात फाईल होती आणि तीत एकच कागद होता. मला ते माहीत होते. मी तोंड उघडले आणि मुलाखतीच्या दिवसासारखीच माझी जीभ टाळ्याला चिकटली. सर चुकतील कसे, त्यांनी फोनवर विचारून घेतले असेल, असे मी मनाला समजावले.

"पाचवा प्रश्न," मी म्हणाले.

बाटलीने गुण दिला. रक्त थांबले, श्वास मोकळा झाला. चौथ्या दिवशी दुसरा कागद आला आणि फाईलमध्ये मागच्या बाजूला लागला. सर समजत होते की सगळे पाहून झाले. मी समजत होते की सर पाहतील. कुसुमबाई येवल्याला गेल्या आणि मनगटही हळूहळू उचलू लागले.

तिसऱ्या महिन्यात दत्तूभाऊंचा फोन आला. "तिला जेवान जात नाय, आन् डोळे पिवळे दिसत्यात."

त्या आल्या त्या दुपारी सरांनी फाईल मागवली आणि शेवटपर्यंत चाळली. तो कागद त्यांनी उभ्यानेच वाचला. मग ते खाटेजवळच्या स्टुलावर बसले आणि सगळे सरळ सांगून टाकले. काविळीचा विषाणू त्यांच्या अंगात दडून होता, आता उठला आहे. बाटली द्यायलाच हवी होती, पण तिच्याबरोबर रोजची एक गोळी सुरू करायला हवी होती, ती झाली नाही.

दत्तूभाऊंनी विचारले, "म्हंजी कागद तुमच्या फायलीतच व्हता, आन् कुनी वाचला नाय?"

"नाही वाचला. चूक माझी," सर म्हणाले.

मी त्यांच्या पाठीमागे उभी होते. एक पाऊल पुढे टाकायचे होते, मी टाकले नाही. आजही ते स्टूल दिसले की मला माझी लाज वाटते.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. गोळी सुरू झाली होती, पण कावीळ चढतच होती. यकृत किती थकले ते कळावे म्हणून रक्त गोठायला लागणारा वेळ रोज मोजायचा आणि तो रोज थोडा वाढलेला. सर ओपीडीच्या आधी येत, कुसुमबाईंना खिडकीशी बसवून डोळे पाहत, हात पुढे ताठ धरायला लावून थरथर पाहत, आणि एखादा साधा प्रश्न विचारत. यकृत हरू लागले की आधी माणसाचे भान सुटते, म्हणून. एका सकाळी त्यांनी वार विचारला. मंगळवार होता. कुसुमबाई म्हणाल्या, "गुरुवार." सरांच्या कपाळावरची शीर मला दिसली.

सरांनी शांतपणे विचारले, "तुमच्या सुनेचं नाव काय?"

"त्या बयेचं नाव नका घ्यायला लावू. काविळीनं नाय मरायची, तिच्यानं मरंल," त्या म्हणाल्या. "आन् हितं पडून समदे वार सारकेच की वो."

सर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागले. मी त्यांना रुमालाने डोळे टिपताना पाहिले ते तेवढे एकदाच. त्यानंतर चार दिवसांनी कावीळ उतरू लागली.

कुसुमबाई घरी गेल्या त्याच आठवड्यात सरांनी सर्वांना बोलावून यादीत एक प्रश्न वाढवला: कोणता कागद अजून यायचा आहे? आणि पुढे हा प्रसंग ते प्रत्येक परिषदेत, प्रत्येक वर्गात स्वतःची चूक म्हणून सांगत राहिले. नवे विद्यार्थी माना डोलावत, केवढा मनाचा मोठेपणा म्हणत. मीही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आहेत.

म्हणून हा लेख छापायला देण्यापूर्वी मी सरांच्या घरी गेले आणि त्यांना इथपर्यंत वाचून दाखवला. सर डोळे मिटून ऐकत होते. माझे वाचून झाल्यावर म्हणाले, "हे मला ठाऊक होतं."

मी हातातले कागद खाली ठेवले.

"त्या फाईलमध्ये पाच प्रश्नांपुढे तुमच्या हातची खूण आहे. चौथ्यापुढे नाही. कागद सापडला त्याच दिवशी पाहिलं मी. खोटी खूण केली नाहीत, म्हणून तुम्हाला ठेवून घेतलं. थांबवलं नाहीत, म्हणून सातवा प्रश्न काढला. आणि 'पुढे' म्हणणारा मीच होतो ना? माझ्या खोलीत धाकट्याला मला अडवायची भीती वाटली, तर ती चूक कुणाची?"

"सर, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"ते सांगायचं काम तुमचं होतं." आता त्यांनी डोळे उघडले. "पण मला सांगून काय होणार? माझं यकृत ठणठणीत आहे. कुसुमबाईंना सांगितलंत?"

नव्हते सांगितले. कुसुमबाई आजही दर सहा महिन्यांनी बाटलीसाठी येतात, रोज ती एक गोळी घेतात, आणि मला येवल्याहून कधी बोरे, कधी कांदे आणून देतात. इतकी वर्षे ती बोरे मी खाल्ली.

गेल्या पंधरवड्यात त्यांची तारीख होती. त्या खुर्चीत बसल्या, बाही वर केली, हात पुढे केला. मी सुई बाजूला ठेवली आणि सांगितले. त्या सकाळी दुसरा कागद आला नव्हता हे मला माहीत होते, आणि मी गप्प बसले. एवढे दोनच वाक्यांत झाले. मला वाटले होते फार वेळ लागेल.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. मग म्हणाल्या, "तवा बोलला असता, तर?"

"गोळी लगेच सुरू झाली असती. कावीळ बहुतेक झालीच नसती."

"लय वंगाळ केलं ताई तुम्ही."

"हो."

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि पदराखाली ठेवला. आता या उठून जातील, पुन्हा येणार नाहीत, बाटली चुकेल, आजार उलटेल, असे सगळे माझ्या डोक्यात एकदम आले. अडवायचे तर कोणत्या तोंडाने?

"सातवा वाचा," त्या म्हणाल्या.

"आधीचे सहा..."

"ते मागून. सातवा आदी."

मी वाचला, "कोणता कागद अजून यायचा आहे?"

"दावा."

मी फाईल त्यांच्या मांडीवर ठेवली. तिसरी शिकलेल्या कुसुमबाईंनी एकेका कागदावर बोट ठेवून हा कशाचा, हा कशाचा असे विचारले आणि एकेकाचे उत्तर ऐकून घेतले. सगळे कागद संपल्यावर त्यांनी हात पदराखालून काढून पुन्हा माझ्यापुढे धरला. हे सर्व छापू का, असे मी त्या निघताना विचारले, तर म्हणाल्या, "छापा. पर बोरं आता या खेपेला नाय."

सर, आपणांस पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. आपणांस निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आपल्या हातून आणखी पुष्कळ हातांना त्यांचे काम परत मिळो, अशी आम्हां सर्वांची मनापासून इच्छा आहे. पण नुसत्या इच्छेवर विसंबायचे नाही, हे आपणच शिकवले. जिना चढताना अलीकडे आपण मध्येच थांबता आणि हृदयाच्या तपासणीचे नाव काढले की "पुढे बघू" म्हणता, हे मी पाहते आहे. मुलाखतीच्या दिवशी आपण मला एक प्रश्न विचारायला सांगितला होता. तो आज, सर्वांसमक्ष विचारते. सर, आपला कोणता कागद अजून यायचा आहे? या वेळी आपण "पुढे" म्हणालात, तरी मी पुढे जाणार नाही.