सालीसकट

सर्पगंधेचं नाव काढलं की माझं डोकं आजही तापतं. बाकीच्यांचा रक्तदाब ही मुळी उतरवते, माझा चढवते.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. वैद्यमंडळी रक्तदाबावर सर्पगंधेच्या मुळीचं चूर्ण देत. पण एका पुडीने माणसाला भोवळ यायची, तर दुसरीने काहीच व्हायचं नाही. तेव्हा मुळीत औषधी अंश कमीत कमी किती असावा, हे ठरवण्याचं काम सरकारकडून आमच्याकडे आलं. इतवारी बाजारातल्या जडीबुटीवाल्यांकडून नमुने घेतले, आणि एक नमुना पारशिवनीकडच्या जंगलातून मुळ्या खणून आणणाऱ्या एका मावशींकडून. पुढची कायमची खरेदी कोणाकडून करायची, तेही याच तपासणीवर ठरणार होतं. मावशींचं सगळं लक्ष त्याकडे लागलं होतं.

इतवारीचा माल धुतलेला, देखणा. मावशींच्या मुळ्यांच्या सुरकुत्यांत काळी माती घट्ट बसलेली. मुळी भिजली की बुरशी धरते म्हणून त्या धुवत नसत. आमच्या सरांना टेबलावर मातीचा कण खपायचा नाही. त्यांनी नाक मुरडलं. मी ब्लेड घेतलं आणि स्वयंपाकघरात आलं सोलावं तशा त्या मुळ्या सोलून पांढऱ्या केल्या. साल केराच्या टोपलीत गेली आणि सरांनी मला शाबासकी दिली.

तपासणीत इतवारीचे नमुने पास झाले, मावशींचा सपशेल नापास. दुसऱ्याच कुठल्या झाडाची मुळी त्या बाईने मिसळली असणार, असं म्हणून सर मोकळे झाले. त्यांनी तक्त्यात तिच्या नावापुढे 'भेसळ' लिहायला सांगितलं. मी लिहिलं.

आठवड्याने मावशी नवी मोळी घेऊन आल्या, तेव्हा चपराशाने त्यांना फाटकातच हे ऐकवलं. त्या तडक वर आल्या. आवाज चढवला नाही. नमुन्याच्या बरणीतला मी सोललेला तुकडा उचलून चावला आणि थुंकून टाकला. मग आपल्या मोळीतली एक मुळी मोडून माझ्यापुढे धरली.

"चाऊन पाय वं बाई."

जीभ कडूजहर झाली. मग मी बरणीतला तुकडा चावला. नुसतं लाकूड.

"साल कुठं टाकली?" त्यांनी विचारलं. "सारं कडू सालीतच राह्यते. आमच्या लेकराइलेबी ठाऊक हाय. तुमी काहून सोलली?"

एवढी शिकलेली मी, आणि हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या मोळीतल्या चार मुळ्या मी मागून घेतल्या.

दोन दिवस खपून मी त्या सालीसकट तपासल्या. सगळ्या नमुन्यांत त्याच सरस ठरल्या. कागद घेऊन सरांकडे धावले. अहवाल वर गेलाय, म्हणाले; आता चूक कबूल केली तर प्रयोगशाळेची अब्रू काय राहील? प्रयोगशाळेची अब्रू! आणि त्या बाईची? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कहर म्हणजे, तपासणीच्या नियमांच्या पुढच्या मसुद्यात 'मुळीची साल काढू नये' हे कलम सरांनी हौसेने घातलं, तेही स्वतःचं निरीक्षण म्हणून.

मावशी पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. तुमची मुळी सगळ्यांत चांगली निघाली, हेही सांगितलं.

"मंग तो भेसळीचा कागद फाडला का?"

नाही, म्हटलं.

त्यांनी मोळी उचलून डोक्यावर घेतली. नमुन्याला एक तरी मुळी ठेवून जा, असं मी म्हणाले. त्यांनी ठेवली नाही.

सरांचा राग मला अजून येतो, आणि यावाच. पण ब्लेड माझ्या हातात होतं, 'भेसळ' माझ्या अक्षरात आहे. दुरुस्तीचं पत्र मी स्वतःच वर पाठवू शकले असते. नोकरी जाईल म्हणून नाही पाठवलं.