एका बल्बचा बोर्ड

आबांचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी कार्यालयात एका पाझर तलावाचा नकाशा उतरवत होते. धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयात मी ट्रेसर होते. ऐंशीच्या दशकाचा शेवट चालू होता, आणि नोकरी करणारी, लग्न न झालेली, सव्वीस वर्षांची पोरगी म्हणून गावाकडच्या प्रत्येक माणसाला माझ्याकडून काही ना काही काम हवं असायचं. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे सगळ्यात थोरले भाऊ. त्यांचा हुकूम पोस्टकार्डावर यायचा, म्हणजे वाटेतल्या पोस्टमनपासून कार्यालयातल्या शिपायापर्यंत सगळ्यांचा वाचून झालेला असायचा.

कार्डात लिहिलं होतं की श्रावणात आपली कुळदेवी कानबाई बसवायची आहे. समोरच्या भाऊबंदांनी मागच्या साली धुळ्याहून भाड्याची रोषणाई आणली होती, मधोमध चक्र फिरणारी. आपल्याला तसला खर्च करायचा नाही, पण आपलं दार अंधारात दिसता कामा नये. तुझं अक्षर चांगलं आहे, तर पत्र्याला भोकं पाडून मागून लाईट लावायचा एक बोर्ड घरीच करून आण. वर 'कानबाई माता' आणि खाली घरांची नावं. मग एकाखाली एक तीन भावांची नावं लिहिलेली होती, पहिलं अर्थातच त्यांचं स्वतःचं.

घरं चार होती. चौथं आमचं.

वडील जाऊन पाच वर्षं झाली होती. घरात उरली माझी माय आणि मी, म्हणजे आबांच्या हिशेबाने कुणीच नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि ते कार्डावर वाचणं वेगळं. ज्या पोरीच्या घराचं नाव गाळलं, तिलाच बोर्ड करायला सांगताना या माणसाच्या हाताला जरासुद्धा कंप सुटला नसेल. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आज तीसेक वर्षांनी हे लिहितानाही ती पुरती खाली उतरलेली नाही.

आमच्याकडे कानबाईचा रोट, म्हणजे तिचा प्रसाद, कसा करतात ते सांगायला हवं, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. आदल्या दिवशी कुळातला थोरला माणूस गहू घेऊन बसतो आणि कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू सुपात टाकतो. ते दळायचं, त्याचीच कणीक मळायची आणि तो रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचा. त्यातला कणसुद्धा टाकायचा नाही, पायाखाली येऊ द्यायचा नाही. पाळण्यातल्या महिन्याभराच्या पोराच्या नावाने सव्वा मूठ पडते. साठ वर्षं त्या चुलीपुढे बसलेल्या बाईच्या नावाने पडत नाही. गहू निवडायचे बायकांनी, दळायचे बायकांनी, मळायचे बायकांनी आणि मोजायची वेळ आली की मिशा मोजायच्या.

वडील असेपर्यंत आमची सव्वा मूठ पडत होती. ते गेल्यावर पुढच्याच श्रावणात आबा तिसऱ्या भावाच्या घराशी थांबले, हात झटकले आणि सूप मायच्या हातात दिलं. तिने ते घेतलं आणि दळायला गेली. पाच वर्षं हेच चाललं होतं.

मी बोर्ड करायला घेतला. खोलीमालकिणीकडून गोड्या तेलाचे दोन रिकामे डबे मागून आणले. ते उभे चिरले, लाकडी मोगरीने ठोकून सपाट केले आणि एकमेकांत दुमडून एक लांब पत्रा तयार केला. कार्यालयातल्या रद्दीत गेलेल्या ट्रेसिंग कागदावर अक्षरं आखली, कागद खळीने पत्र्यावर चिकटवला आणि खाली बाभळीची फळी घेऊन खिळ्याने भोकं पाडायला सुरुवात केली. भोकं फार जवळ आली तर पत्रा फाटतो, फार लांब गेली तर अक्षर तुटतं. खिळा सरळ धरावा लागतो आणि हातोडीचा एकच घाव घालावा लागतो. राग अंगात असला की हे काम फार छान होतं, हे मला तेव्हा समजलं.

तीन नावं झाली. चौथ्या ओळीची जागा मी आधीच सोडून ठेवली होती, हे कबूल करते. मी ज्या नकाशांवर काम करायचे, त्यांच्या उजव्या कोपऱ्यात नकाशा उतरवणाऱ्याची आद्याक्षरं टाकायला एक बारीकसा चौकोन असायचा. मोठ्या साहेबाच्या सहीखाली का होईना, सरकारला माझं अक्षर लागत होतं. आणि माझ्या मायला स्वतःच्या कुळात नखाएवढा चौकोन नव्हता. मी चौथ्या ओळीत मायचं नाव ठोकलं. वडिलांचं नाही, मायचं. मेलेल्या माणसाचं नाव घातलं असतं तर आबांनी कदाचित डोळे पुसले असते. मला त्यांचे डोळे पुसायचे नव्हते.

मागे चहाच्या खोक्याची चौकट केली, आतून लाल पतंगी कागद लावला आणि वरून एक होल्डर सोडला. एवढ्या मोठ्या बोर्डाला चार बल्ब हवे होते. पण खोकं लहान आणि माझ्याकडे होल्डर एकच, म्हणून शंभर वॅटचा एकच बल्ब लावला. वायर जरा लांब झाली, त्यामुळे तो लोंबत लोंबत नेमका शेवटच्या ओळीमागे आला. म्हटलं, असू दे.

शनिवारी पोत्यात गुंडाळून तो बोर्ड एसटीतून शिंदखेड्याला आणि तिथून पुढे गावी नेला. पोचले तेव्हा गहू मोजून झाले होते. रविवारी सकाळी आबांच्या ओट्यावर मी पोतं सोडलं. धाकटे दोन्ही काका आले, काकू आल्या, सगळ्यांनी बोर्डाची तारीफ केली. आबांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचायला लागले. स्वतःच्या नावाशी जरा रेंगाळले. मग शेवटच्या ओळीशी आले.

"हाई चौथं नाव कोनं शे?"

"मनी मायनं," मी म्हटलं.

आबा ओरडणारे नव्हते. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि भाजी खारट झाल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "बाईसनं नाव रोटमा नही ऱ्हास. खोडी टाक."

"भोक खोडता येस नही, आबा."

"मंग बुजी टाक."

मी धाकट्या काकांकडे पाहिलं. माझे वडील आजारी असताना हे दोघे दवाखान्यात आळीपाळीने बसले होते, माझ्या गळ्यात पडून रडले होते. एकाने आभाळाकडे पाहिलं आणि दुसऱ्याला एकदम बैलाला पाणी दाखवायचं आठवलं. काकू आत गेल्या. माय ओसरीच्या कोपऱ्यात परातीपुढे बसून कणीक मळत होती, तिचे हात क्षणभर थांबले आणि परत चालू झाले. मी म्हटलं, ज्याला बुजवायचं असेल त्याने बुजवावं, मी बुजवणार नाही. आणि पायात चपला अडकवून नदीकडे निघून गेले.

दुपारभर नदीकाठच्या दगडावर बसून मी मनातल्या मनात आबांशी भांडले. काय काय बोलले म्हणून सांगू. माझ्या मायच्या हातचं चालतं, माझी माय चालत नाही. इतकी फर्डी भाषणं मी पुन्हा आयुष्यात केली नाहीत, आणि ऐकायला सगळ्या म्हशी.

परत आले तेव्हा उन्हं उतरली होती. बोर्ड दारावर, ओट्याच्या छपराला टांगला होता. चौथी ओळ बुजवलेली होती. प्रत्येक भोकात कणीक भरली होती आणि वरून अंगठा दाबला होता. अंगठ्याचे ठसे ओळखू येत होते. आबांच्या अंगठ्याला इतकं नीट काम जमलं नसतं.

मी आत गेले. माय पुरणाचं पातेलं उतरवत होती.

"कोनी बुजं?" मी विचारलं.

"मीच बुजं. माले कोनी सांगं नही." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "सनना दिन शे, बाई. राग नको करू."

आबांचा मला राग आला होता, पण तो नेहमीचा, ओळखीचा राग होता. मायचा जो राग आला तो मला पेलवेना. दोन आठवडे माझी बोटं ठेचली, ती हिच्यासाठी. आणि हिने काय केलं, तर रोटाच्याच कणकेने, जिच्यात हिच्या नावाचा एक दाणा नाही त्या कणकेने, स्वतःचं नाव लिंपून टाकलं. मी तिला म्हटलं की तुझ्यासारख्या बायका आहेत म्हणूनच आबांसारख्यांचं चालतं. आणखीही बोलले. तिने ते ऐकून घेतलं आणि पुरणात वेलदोडा घातला. माझ्या मायला वाचता येत नव्हतं, त्यामुळे बोर्डावर काय गेलं हे तिला कळलंच नाही, असंही मला रागाच्या भरात वाटून गेलं. ते मनात आल्याची लाज मात्र अजून वाटते.

दिवेलागणीला कानबाई बसली. चौरंगावर नारळ, त्यावर नथ, डोळे, लुगडं, सगळा साज झाला. आबांनी दाराआडचं बटण दाबलं आणि बोर्ड उजळला. वर 'कानबाई माता' आणि खाली तीन नावं, लालभडक. समोरच्या भाऊबंदांचं चक्र फिरत होतंच, पण त्यांच्याकडची पोरंटोरंही आमच्याकडे बघायला आली. आबा ओट्यावर हात मागे बांधून उभे राहिले. मला कुणी शाबासकी दिली तर मी काय बोलेन याचा भरवसा नव्हता, म्हणून मी लांब खांबाला टेकून उभी राहिले.

आरतीची तयारी होईपर्यंत तासभर गेला असेल. पहिल्यांदा टिकटिक असा आवाज आला. पत्रा तापला होता. मग आबांच्या खांद्यावर काहीतरी पडलं. त्यांनी पाल समजून झटकलं. मग अजून एक पडलं, मग दोन-तीन. मी वर पाहिलं. बल्ब चौथ्या ओळीच्या अगदी मागे होता. त्याच्या धगीने कणीक वाळली, आखडली आणि भोकांतून सुटायला लागली. एकेक ठिपका उघडत होता. आणि बाकी सगळी नावं लाल असताना हे नाव पांढरं दिसत होतं, कारण अंगठ्याने कणीक दाबताना मागचा पतंगी कागद फाटला होता. सगळ्या बोर्डात तेच जास्त उजेडाचं झालं.

समोरच्या दारातल्या एका पोरीने ते मोठ्याने वाचलं. आबांनी वर बघितलं, वाचलं आणि दाराआडच्या बटणाकडे हात नेला.

"बंद नका करा, आबा."

माय होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती थोरल्या दिरासमोर कधी बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर आधी वडिलांकडून आणि नंतर माझ्याकडून सांगायची. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती उंबऱ्यात उभी होती.

"बल्ब एकच शे," ती म्हणाली. "मातानं नाव बी अंधारामा जाई."

आबांचा हात बटणावर तसाच राहिला. कानबाईच्या दिवशी कानबाईच्या नावावरचा दिवा मालवायला त्यांची छाती झाली नाही. त्यांनी हात खाली घेतला आणि आत जाऊन आरतीचं ताट उचललं. बोर्ड रात्रभर तसाच जळत राहिला. दुसऱ्या वर्षी आबांनी भाड्याची रोषणाई आणली आणि आमची सव्वा मूठ काही त्यानंतरही पडली नाही. काहीतरी सुधारलं असं सांगायला मलाही आवडलं असतं.

आरतीला सगळे आत गेले. ओट्यावर कणकेचे वाळलेले मणी पसरले होते. ती रोटाची कणीक, पायाखाली जायला नको, म्हणून माय उकिडवी बसून एकेक उचलायला लागली. मला पुन्हा संताप आला. आताही वेचायची पाळी हिच्यावरच. मी तिला उठवायला खाली वाकले तर ती ते मणी तोंडात टाकून खात होती. कुळाच्या माणसांनीच खायची ती कणीक, उघड्या ओट्यावर बसून, वरच्या पांढऱ्या उजेडात, सावकाश चावून.

"मनं नाव बत्तीस भोकनं शे," ती म्हणाली. "मोजीसन बुजं मी."

तिने अजून एक मणी उचलला, पदराला पुसला आणि आत आबा आरती म्हणत होते तिकडे एकदा बघितलं.

"आबानं नाव बी मोजं मी," ती हळू आवाजात म्हणाली. "सव्वीसच शेत."