पिंगपाँगच्या टेबलावरचं स्टेडियम

शहरनियोजन शिकायला मी अमेरिकेत गेले, तेव्हा बेसबॉलमधलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. आमचं विद्यापीठ एका रुंद, संथ नदीकाठच्या शहरात होतं. तिथले कारखाने एकामागून एक बंद पडत चालले होते. संध्याकाळी पाच वाजले की शहराच्या मधोमध असलेलं डाउनटाउन रिकामं व्हायचं, आणि ओसाड चौकांतले सिग्नल उगाचच लाल-हिरवे होत राहायचे.

मी एका मराठी जोडप्याच्या घरी वरच्या खोलीत राहत असे. काका माझ्या मामाचे कॉलेजमधले मित्र, डाउनटाउनच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. काकू घर सांभाळायच्या आणि शनिवारी मराठी मुलांना बाराखडी शिकवायच्या. दोघंही गप्पिष्ट, दोघंही हट्टी. पण त्यांचं खरंखुरं भांडण मी पहिल्यांदा पाहिलं ते स्टेडियमवरून.

शहराच्या बेसबॉल संघाचं जुनं स्टेडियम आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर होतं. लाकडी बाकं, गंजलेले खांब. खांबामागची जागा मिळाली तर अर्धा खेळ दिसायचाच नाही. नवीन बांधायचं आणि डाउनटाउनमध्ये बांधायचं, असं महापौरांच्या मनात होतं. पण डाउनटाउनमध्ये नेमकं कुठे? काही लोक म्हणत, नदीकाठची बंद गोदामं पाडा. काही म्हणत, बस स्टेशनाशेजारचा रेल्वेचा जुना मालधक्का रिकामाच पडलाय, तिथे बांधा. आणि बरेच जण म्हणत, आहे तेच नीट दुरुस्त करा की! बसमध्ये, लाँड्रीत, दाताच्या डॉक्टरकडे, जिथे जावं तिथे हाच विषय.

लोकांची मतं ऐकायला सार्वजनिक वाचनालयाच्या हॉलमध्ये सभा ठरली. आमच्या प्राध्यापकांनी त्या सभेसाठी शहराच्या मधल्या भागाचं मॉडेल करायचं काम माझ्या अंगावर टाकलं. "एक लक्षात ठेव, मॉडेलला स्वतःचं मत नसतं," त्यांनी बजावलं. माझ्या खोलीत एवढं मोठं मॉडेल मावेना, म्हणून काकांनी बेसमेंटमधलं पिंगपाँगचं टेबल मला देऊन टाकलं. पुठ्ठ्याच्या इमारती, निळ्या कागदाची नदी, स्पंजची झाडं. स्टेडियम तेवढं मी मुद्दाम चिकटवलं नव्हतं. तिन्ही जागांवर ठेवून दाखवता यावं, म्हणून ते सुटं होतं.

पहिल्या सकाळी खाली गेले तर मालधक्क्यावर ठेवलेलं स्टेडियम नदीकाठी जाऊन बसलेलं. मला वाटलं, आपणच विसरलो असू. दुसऱ्या सकाळी ते आमच्या गल्लीजवळ, जुन्या जागी. तिसऱ्या सकाळी पुन्हा नदीकाठी, आणि या वेळी एक गोदाम चक्क उपटून बाजूला ठेवलेलं.

"काका, माझं गोदाम का काढलंत?" मी नाश्त्याला विचारलं.

"अगं, त्याशिवाय पार्किंग बसत नाही तिथे," काका टोस्टला लोणी लावत शांतपणे म्हणाले. "नदीकाठी लाइट लागतील, लोक फिरतील, दोन रेस्टॉरंट येतील. ड्यूटी संपवून बाहेर पडलो की रस्त्यावर माणूस दिसत नाही मला. हे काय शहर झालं?"

"लोकांना फिरायचंय तर फिरू देत," काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या. "त्यासाठी माझं स्टेडियम कशाला उचलून नेता?"

'माझं' हा शब्द ऐकून मी चमकले. तेव्हा कुठे काकूंनी मला त्यांची गोष्ट सांगितली. लग्न होऊन त्या इथे आल्या, तेव्हा काकांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात राबून घ्यायचं पुढचं शिक्षण, चालू होती. दोन-दोन दिवस घरी यायचे नाहीत. उन्हाळ्यात उघड्या खिडकीतून स्टेडियममधल्या गर्दीचा आवाज यायचा, म्हणून काकूंनी रेडिओवर खेळाची कॉमेंट्री लावली. आधी नुसती सोबतीला, मग समजून घ्यायला. "माझं सगळं इंग्लिश त्या कॉमेंटेटरचं आहे बघ," त्या म्हणाल्या. "आणि मग एक दिवस साडी नेसून, स्नीकर्स घालून एकटीच स्टेडियमवर चालत गेले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी सरकून जागा दिली. तेव्हापासून जातेय."

सभेच्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. मॉडेलभोवती तर झुंबड. जो तो स्टेडियम उचलायचा आणि आपल्या मनाच्या जागी ठेवायचा. एका बाईंनी ते थेट आपल्या शेजाऱ्याच्या घरावर ठेवलं आणि खूश होऊन निघून गेल्या. मी मात्र प्राध्यापकांच्या आज्ञेप्रमाणे मत नसल्यासारखा चेहरा करून उभी.

बोलणाऱ्या प्रत्येकाला दोन मिनिटं होती. काकांनी टाय लावला होता. नदीकाठाबद्दल ते छान बोलले, टाळ्याही पडल्या. ते खाली बसतात न बसतात तोच काकू उठल्या. आमच्यापैकी कुणालाच याची कल्पना नव्हती. पदर खांद्यावरून घेऊन त्या माइकपाशी गेल्या आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाल्या, "आत्ता बोलले ते माझे पती. लोकांना झोपवणं हा त्यांचा व्यवसाय आहे. बेसबॉल पाहताना मात्र ते स्वतःच झोपतात."

हॉलमध्ये असा हशा उसळला की अध्यक्षांनाही चष्मा काढून डोळे पुसावे लागले. काका लाल झाले, पण हसत होते.

मग काकू गंभीर झाल्या. "मी ड्राइव्ह करत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यासारख्या कितीतरी बायका आहेत, म्हातारी माणसं आहेत, शाळेतली मुलं आहेत. आम्ही चालत जातो. इथे सगळे गाड्या कुठे लावायच्या तेवढंच बोलताहेत. तुम्ही ते हलवणारच असाल, तर निदान बसने जाता येईल अशा ठिकाणी न्या. नदीकाठी बस जात नाही."

जुन्या जागेचा हट्ट त्यांनी असा सोडून दिला. परतीच्या वाटेवर एका ओसाड चौकात गाडी लाल सिग्नलला थांबली. मग काका म्हणाले, "बस जात नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं गं."

"तुमच्या कसं येणार? तुम्ही बसमध्ये बसलायत कधी?"

"पण झोपतो हे सगळ्या गावाला सांगायची काय गरज होती?"

"खरं आहे की नाही?"

"आहे बाई, आहे!" काका म्हणाले, आणि आम्ही तिघंही घर येईपर्यंत हसत राहिलो.

पुढे बरेच महिने वाद चालला, आणि अखेर शहराच्या कौन्सिलने बस स्टेशनाशेजारच्या मालधक्क्याची जागा पक्की केली. काकूंच्या भाषणामुळे झालं असं मी म्हणणार नाही. जमीन रिकामी होती, हेच मोठं कारण असणार. काकूंना मात्र आपणच जिंकल्यासारखं वाटलं. संघ तात्पुरता विद्यापीठाच्या मैदानावर गेला आणि जुनं स्टेडियम पाडायला घेतलं, त्या आठवड्यात काकू तिथल्या रस्त्याने गेल्याच नाहीत. नेहमीचं दुकान त्याच रस्त्यावर होतं, म्हणून काकांनीही काही न विचारता सकाळी दूध आणायला दुसऱ्या दुकानाची वाट धरली.

नवीन स्टेडियम उघडलं, तेव्हा मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. काकूंनी फोन करून बोलावलंच. आम्ही तिघं बसनेच गेलो. डाउनटाउनमध्ये इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती. पोरं बापाच्या खांद्यावर, फुटपाथवर ट्रम्पेट वाजवणारा एक जण, मालधक्क्याच्या जुन्या विटांच्या भिंतीपाशी तिकिटांची रांग. आत गेल्यावर काकूंनी सगळीकडे नजर फिरवली. खांब कुठेच नव्हते. "बरं आहे," त्या म्हणाल्या. काकूंच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच झालं.

दुसऱ्या इनिंगला काकांनी विषय काढला की गोदामं आता रिकामीच आहेत, तर तिथे कन्व्हेन्शन सेंटर व्हायला हवं. काकू म्हणाल्या, मुळीच नाही, तिथे बाग हवी. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना भाषा कळत नव्हती, तरी ते मागे वळून कौतुकाने पाहू लागले. मी दोघांच्या मधल्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होते, आणि दोन्ही बाजूंना दाणे देत होते.