वरातीत तापणारी गाडी

“ताई, शेवटचं सांगा. विकू का ठिवू?”

मारोती हे विचारत होता तेव्हा भंगारवाल्याचा टेम्पो माझ्या गॅरेजच्या फाटकात उभा होता. आत होती त्याची काळी, लांबलचक सेडान. परदेशी बनावटीची, तीन लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाची. हिंगोलीच्या औंढा रोडला अशी गाडी थांबली की लोक आधी सेल्फी काढतात, मग कुणाची म्हणून विचारतात.

मारोती पुसेगावचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्यानं वडलांना गळ घालून कळप विकायला लावला आणि हैदराबादहून ही जुनी गाडी आणली, लग्नात नवरदेवासाठी भाड्यानं द्यायला. कल्पना वाईट नव्हती. आमच्याकडच्या नवरदेवांना आता घोडा नको असतो, काळी गाडी हवी असते. पण पहिल्याच वरातीत गाडी तापली, बोनेटमधून वाफ निघाली आणि नवरदेव मित्राच्या मोटारसायकलवर मांडवात पोचला. वरातीत बंद पडलेली गाडी अपशकुनी ठरते. बुकिंगं रद्द झाली. जवळा बाजार गावचं एकच उरलं होतं, तेही नवरदेव मारोतीचा वर्गमित्र म्हणून. तिथं गाडी पुन्हा तापली असती तर ती भंगारातच जाणार होती, आणि कळप तर आधीच गेला होता.

मारोतीचे वडील, लक्ष्मणमामा, कोपऱ्यात जुन्या टायरवर काठी धरून बसले होते. गाडीकडं बघतसुद्धा नव्हते.

मी हिंगोलीचीच. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला, पुण्यात अशाच महागड्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली, फोरमन झाले, मग गावी येऊन स्वतःचं गॅरेज टाकलं. बाईचं गॅरेज म्हणून लोक सुरुवातीला फक्त स्कूट्या आणायचे. त्यामुळं ही गाडी फाटकातून आत आली तेव्हा मला काय वाटलं असेल ते ओळखा.

“आतापर्यंत काय काय केलंत?” मी विचारलं.

“ट्रॅक्टरवाल्या मेस्त्रीनं वॉल काढून टाकला, बोरचं पाणी भरलं. म्हणला, आपल्या उन्हात वॉलचं काय काम न्हाई. मंग शहरात मोठ्या वर्कशॉपला नेली. ते म्हणले इंजिन उतरवावं लागतंय. त्यो खर्च ऐकून तसाच माघारी आलो. आता तापते बी, अन् पेट्रोल बी पाण्यावानी पिऊन राहिली.”

जुन्या मोठ्या गाडीची गोम इथंच असते. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या स्पेअर पार्टची उतरत नाही. त्यामुळं दुखणं एक आणि बदललं भलतंच, असं दोनदा झालं की मालक भंगारवाल्याला फोन लावतो.

“टेम्पोवाल्याला चहा पाजा,” मी म्हटलं. “तोवर मी बघते.”

स्कॅनर लावला. गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या तक्रारी नोंदवून ठेवतो, त्या वाचायचं हे यंत्र. त्यानं सांगितलं, इंजिन पुरेसं गरमच होत नाही. मालक म्हणतो तापते, कॉम्प्युटर म्हणतो तापतच नाही! मी गाडी हायवेला काढली. काटा खरंच खाली पडून होता.

पेट्रोलचं कोडं तिथंच सुटलं. मेस्त्री ज्याला वॉल म्हणतात तो थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं दार. इंजिन गार असताना ते बंद राहतं, गरम झालं की उघडतं. ते काढून टाकलं तर ट्रॅक्टर निमूट सोसतो. या गाडीचा कॉम्प्युटर मात्र इंजिन गारठलंय असं समजून जादा पेट्रोल सोडत बसतो. जुनी स्कूटर दिवसभर चोक ओढून चालवावी, तसं.

पण गाडी पहिल्यांदा तापली तेव्हा वॉल जागेवर होता. म्हणजे रोग हाल्याला अन् औषध पखालीला. मूळ दुखणं तसंच होतं.

“पहिल्यांदा तापली तेव्हा नेमकं काय चाललं होतं?”

“वरात की, ताई. पुढं डीजे, लोकं नाचून राहिलेले, गाडी मागं मागं.”

“सजावट होती का?”

“मंग! समोरून सगळी झेंडूची जाळी. गाडीचं तोंड दिसत नव्हतं.”

मी पाना उचलला आणि पुढचा बंपर खोलायला घेतला.

गाडीच्या तोंडाला जाळी असते, तिच्यामागं एसीचा कंडेन्सर, त्याच्यामागं रेडिएटर. पळत्या गाडीला वारा आयता मिळतो. वरातीत गाडी माणसाच्या पावलानं चालते, वर एसी फुल, तेव्हा सगळी मदार पंख्यावर. पंखा हवा ओढतो, आणि समोर झेंडू असला तर झेंडू ओढतो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत वाळलेल्या पाकळ्या, चमकी आणि अक्षतांचा जाड थर बसला होता. मारोतीनं गाडी वरचेवर प्रेशरनं धुऊन तो आणखी ठासला होता.

लक्ष्मणमामा उठले. पहिल्यांदाच गाडीजवळ आले. मूठभर कचरा हातात घेऊन त्यांनी हुंगला.

“मेंढराच्या नाकात कुसळ गेल्यावानी झालं की गं माय.”

“अगदी बराबर, मामा.”

मी बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला म्हटलं, “भाऊ, चहा झाला असंल तर निघा तुमी.”

थर्मोस्टॅटसाठी पुण्याला माझ्या जुन्या साहेबांना, सावंत सरांना फोन केला.

“वर्षा, ते इंजिन हिंगोलीत? हात लावू नकोस. अंगाशी येईल.”

“लावून झालाय सर. पार्ट तेवढा पाठवा.”

पार्ट ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आला. रेडिएटर उतरवून साफ केला, बोरचं पाणी काढून सगळी लाइन धुतली, कूलंट भरलं, दार पुन्हा जागेवर बसवलं. इंजिन उतरवावं लागलंच नाही.

परीक्षा मात्र वरातीचीच घ्यायला हवी होती. भर उन्हात, एसी फुल करून, गाडी सिद्धेश्वरच्या रस्त्यावर नेली आणि मामांना पुढं चालायला सांगितलं. जन्मभर कळपापुढं चाललेला माणूस काठी खांद्यावर टाकून निघाला. मी त्यांच्या पावलानं मागं. काटा मध्यावर आला आणि तिथंच राहिला. बऱ्याच वेळानं मामा मागं न बघताच ओरडले,

“येऊन राहिली का गं माय?”

इंजिनाचा आवाजच त्यांना ऐकू येत नव्हता.

“येऊन राहिली, मामा!” मी काच खाली करून ओरडले.

जवळा बाजारच्या लग्नाला मी नटून गेले, पण जीव टांगणीला लागलेला. डेकोरेशनवाला झेंडूची जाळी घेऊन आला तर मामा गाडीच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभे.

“हितं न्हाई. बाकी कुठं बी लाव.”

“काहून? समोरूनच तर फोटो येऊन राहिला ना मामा!”

“फोटूपायी तिचं नाक दाबतो का?”

वरात रखडत रखडत, नाचत मांडवाशी पोचली. नवरदेव गाडीतूनच उतरला. मारोतीनं लांबून मला हात जोडले.

तेवढ्यात गर्दीतल्या कुणीतरी मामांना छेडलं, “काय मामा, मेंढरं कुठं हायत आता?”

मामांनी काठीनं गाडी दाखवली. “ही काय. कळपाएवढं खाती, पण कळपाएवढं देती बी.”

मोठं इंजिन खाणारच, त्यात त्याचा दोष नाही. ते देतं का नाही, हे सांभाळणाऱ्या हातावर असतं. हिंगोलीत तो हात माझा होता.